डावं डूल

"ताई, सोड... तिचा कान सोड म्हणते ना!"

दारातून आलेल्या त्या आवाजासरशी एतेल्विनाचा हात जागच्या जागी थांबला. अंगणात चिंचेखाली पत्र्याच्या टबात बाळ मजेत पाय आपटत होतं, आणि त्याच्या कानाची ती मऊ, ओली पाळी एतेल्विनाच्या दोन बोटांत होती. तिनं काही केलं नव्हतं. साबणाचा फेस पुसताना बोटं जरा रेंगाळली होती, एवढंच! पण इतक्या वर्षांच्या उपाशी मायेनं बोटं रेंगाळली की ती बघणाऱ्याला दिसल्यावाचून राहत नाहीत...

"फेस गेला होता गं कानात," ती खाली मान घालून म्हणाली.

"फेस कानात जातो, पाळीत नाही जात!" नेलिदानं पुढं होऊन बाळाला टॉवेलात गुंडाळलं आणि उचलून छातीशी धरलं. "तुझ्या मनात काय चाललंय ते मला कळतं ताई. पण लिमाहून निघतानाच मी ठरवून आलेय. माझ्या मुलीच्या कानाला या घरातली सुई लागणार नाही. माझ्या कानाचं जे झालं तेवढं पुरे झालं."

असं म्हणताना तिचा हात सवयीनं वर गेला आणि डाव्या कानावरचे केस पुढं ओढून आला. लिमात तिचं केशभूषेचं दुकान होतं, दुसऱ्यांच्या केसांना ती हवी तशी वळणं देई. पण स्वतःचे केस मात्र लहानपणापासून एकाच वळणाचे, डाव्या कानावरून खाली सोडलेले.

एतेल्विनानं टब कलंडवला, आणि चिंचेच्या मुळांकडे धावत जाणाऱ्या पाण्याकडे ती बघत राहिली.

आमच्या कातकाओस गावात सोनारांची आळी मोठी. केसाएवढ्या सोन्याच्या तारेतून इथले कारागीर फुलं विणतात, आणि ती डूल होऊन साऱ्या वाळवंटी मुलखातल्या बायकांच्या कानांत झुलतात. मुलगी जन्मली की महिन्या-दोन महिन्यांत तिचे कान टोचायचे हे इथं कोणी ठरवत बसत नाही. ठरवायचं असतं ते एवढंच, की कोणी टोचायचे! कारण मुलीच्या कानात पहिलं डूल जिच्या हातानं जातं ती तिची कानआई होते, आणि त्या दिवसापासून ती आणि मुलीची आई एकमेकींना कोमाद्रे म्हणून हाक मारतात. कोमाद्रे म्हणजे सख्ख्या बहिणीच्या एक पायरी वरचं नातं. बहिणी भांडतात, कोमाद्रे भांडत नाहीत. निदान चारचौघांत तरी नाही.

एतेल्विनाची आई हेर्मेलिंदा ही सेगिस्मुंदो सोनाराची बायको, आणि अर्ध्या गावाची कोमाद्रे. तिचा हात असा की दोरी लावून मोजावी आणि दोन्ही भोकं एका रेषेत यावीत! बाळ रडायच्या आत काम झालेलं असे. ती बाजारातून निघाली की टोपल्यांमागून, रताळ्यांच्या ढिगांमागून हाका येत, "कोमाद्रे, येऊन जा! कोमाद्रे, हे मासे घेऊन जा!" लहानगी एतेल्विना आईचा झगा धरून चालायची, आणि मनाशी म्हणायची की मोठी झाले की मलाही सगळे असंच म्हणतील...

पण तिला तसं कोणी कधी म्हटलं नाही. अवघं आयुष्य गेलं, पण एका तोंडानंसुद्धा म्हटलं नाही!

कारण गावाला ठाऊक असलेली गोष्ट अशी होती, की नेलिदा जन्मली तेव्हा हेर्मेलिंदा बाळंतज्वरानं अंथरुणाला खिळली, आणि तेरा वर्षांच्या एतेल्विनानं अतिशहाणपणा करून तान्ह्या बहिणीचे कान स्वतःच टोचले. उजवं भोक बरं पडलं, डावं पार वर गेलं. काही दिवसांत आई वारली. सोनाराच्याच मुलीचा कान वाकडा, हा आळीभर चेष्टेचा विषय झाला, आणि त्यानंतर एतेल्विनाच्या हाती कोणी आपलं बाळ दिलं नाही. शाळेत नेलिदाला पोरं 'वाकडकानी' म्हणायची. ती रडत घरी यायची आणि बहिणीवर ओरडायची, "तू का हात लावलास मला? का?" एतेल्विना तिला पोटाशी घ्यायची आणि म्हणायची, "चुकलं गं माझं, राणी... चुकलं."

चुकलेलं काहीच नव्हतं. त्या सकाळी सुई एतेल्विनाच्या हातात नव्हतीच!

ती सकाळ एतेल्विनाच्या काळजात आजही जशीच्या तशी होती. आई तापानं फणफणलेली, ओठ सुकलेले, डोळ्यांत मात्र हट्ट. "बाळ दे इकडं. माझ्या लेकीचे कान माझ्याच हातानं टोचले जातील, दुसऱ्या कुणाच्या नाही. मी तिला आणखी काय देणार आहे गं..." एतेल्विनानं बाळ धरलं. उजवा कान क्षणात झाला. आणि डाव्यावर सुई टेकली तेव्हाच आईच्या अंगात हुडहुडी भरून आली, हात हलला... बाळ किंचाळलं, आईनं ते भोक पाहिलं आणि ती उशीत तोंड लपवून रडली. जन्मात पहिल्यांदा तिचा हात चुकला होता, आणि तोही कुणाच्या कानावर!

तेवढ्यात अंगणात बायका आल्या. आमच्याकडे एक समजूत आहे, कुणी हसावं तर हसावं: मरणाच्या दारातल्या बाईनं लेकराचे कान टोचले तर ती त्याला सोबत न्यायला खूण करून जाते. तसल्या पोरीला कुणी मांडीवर घेत नाही, तिच्याशी आपल्या पोरांना खेळू देत नाही. एतेल्विनाला हे माहीत होतं. आईचं आता काही खरं नाही हेही त्या एवढ्याशा पोरीला कळून चुकलं होतं. ती बाळाला घेऊन बाहेर गेली, आणि बायकांनी बाळाचे लाल कान पाहून "अगं बाई, हे कुणी केलं?" म्हणताच ती ताठ मानेनं म्हणाली, "मी! माझा हात घसरला."

आतल्या खोलीत आईनं ते ऐकलं. बापानंही ऐकलं. रात्र पडायच्या आत एतेल्विनानं बापाला आईच्या गळ्याची शपथ घातली, आणि त्या भल्या, भित्र्या माणसानं ती पाळली. पुढं नेलिदाच्या दुधापासून शाळेच्या झग्यापर्यंत सगळं एतेल्विनानंच पाहिलं. सिंबिला गावच्या एका कुंभारानं तिला मागणी घातली होती. "पोर जरा मोठी होऊ दे" म्हणून तिनं त्याला थांबवलं, आणि तो बिचारा जमेल तेवढा थांबला नि मग त्यानं दुसरीशी लग्न केलं. ज्या पोरीसाठी थांबवलं ती मोठी झाली आणि लिमाला निघून गेली. मागं राहिली एतेल्विना, म्हातारा बाप, आणि ती एक अतृप्त आस!

"काय गं नेलिदा, तुझा मुलगा दिवसेंदिवस गुबगुबीत होत चाललाय!"

ही शेजारची कासिल्दा. तिच्या दारावर पांढरं निशाण लटकलेलं असतं, म्हणजे आत मक्याची ताजी दारू, चिचा, तयार आहे; आणि चिचा असो नसो, कासिल्दाची जीभ सदा ताजी असते.

"मुलगी आहे मावशी. रोज सांगते मी तुम्हाला. मेलिंदा नाव आहे तिचं, आईच्या नावावरून ठेवलंय."

"नाव ऐकू येतं, दिसत नाही! कान मोकळे असले की मी आपली मुलगाच समजते. का गं, सोनाराच्या घरातलं सोनं संपलं?"

"तिच्या बापाचं म्हणणं आहे, मोठी झाली की तिचं ती ठरवेल. मलाही पटतं ते. मला कुणी विचारलं होतं?"

कासिल्दानं ओट्यावर लिंबं कापणाऱ्या एतेल्विनाकडे एक नजर टाकली. "हं... तेही खरंच म्हणा. आणि एतेल्विना, ही तुमच्याकडची लिंबं नेहमी अशी गळकी कशी गं? परवा उसनी नेली तर सगळा रस टोपलीत!"

एतेल्विनाचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तिनं कापलेली लिंबं घाईनं माशांवर पिळली आणि साली केरात टाकल्या.

तिच्या स्वतःच्या कानांत त्या दिवसांत डूल नव्हते. भोकं बुजू नयेत म्हणून केरसुणीच्या काडीचे दोन तुकडे घातलेले होते. नेलिदाच्या ते ध्यानात आलं होतं, पण विचारायचं राहून गेलं. राहून जायला काय, या घरात पुष्कळ काही राहून गेलेलं होतं.

नोव्हेंबरची पहिली तारीख उजाडली. त्या सकाळी आमच्या चौकात देवदूत जेवतात. ज्या आयांची लेकरं गेलेली असतात त्या छोटे छोटे पाव, रताळ्याचा हलवा, नारळाच्या वड्या असं तबकात भरून येतात, आणि चौकातल्या मुलांत आपल्या गेलेल्या लेकराच्या वयाचं, तसंच दिसणारं मूल शोधतात. मुलगा गेलेली मुलगा शोधते, मुलगी गेलेली मुलगी. सापडलं की त्याच्या हातात खाऊ द्यायचा, त्याला कुशीत घ्यायचं... आणि तेवढा वेळ आपलंच परत आलंय असं समजायचं. खाऊ योग्य मुलाला पोचला तरच वरच्याला मिळतो म्हणतात. म्हणून त्या दिवशी आया आपल्या पोरांना नटवून आणतात, आणि कुणाला नकार देत नाहीत.

नेलिदानं मेलिंदाला पांढरा झगा घातला होता. पण आमच्याकडे तान्हे मुलगेही पांढराच झगा घालतात! दोघी बहिणी चर्चच्या पायऱ्यांशी उभ्या होत्या तोच एक तरुण बाई गर्दीतून सरळ त्यांच्याकडे आली. खालच्या गावची असावी. पाय धुळीनं भरलेले, तबकावर विणलेला रुमाल. ती थबकली, बाळाकडे बघत राहिली, आणि तिच्या डोळ्यांना धारा लागल्या.

"हाच... अगदी हाच गं बाई! असेच गाल, असंच टक्कल... पाच महिन्यांचा होता माझा. घेऊ का? देता का जरा?"

नेलिदानं भारावल्यासारखं बाळ तिच्या हातात दिलं. बाईनं त्याच्या मुठीत नारळाची वडी दिली, त्याला उराशी कवटाळलं, मुके घेतले, "योसुए... माझ्या योसुए... जेवलास का रे? तिकडं थंडी वाजते का रे बाळा?" म्हणत ती जागच्या जागी डोलू लागली. मेलिंदानं हात पसरून तिच्या नाकाला धरलं, तशी ती बाई रडता रडता हसली. ही मुलगी आहे, हे नेलिदा कोणत्या तोंडानं सांगणार होती? एतेल्विनानं तिचा दंड धरला, आणि मानेनंच खुणावलं, की राहू दे, बोलू नकोस.

"अगं ए, ती मुलगी आहे!" मागून कासिल्दाचा खणखणीत आवाज आला. "मुलगा शोधतेस ना? तिकडं बघ, कारंज्यापाशी!"

ती बाई डोलायची थांबली. तिनं बाळाचे दोन्ही मोकळे कान पाहिले, मग नेलिदाकडे पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं! तिनं हळूच मेलिंदाला परत दिलं, वडीही तिच्या मुठीतच राहू दिली.

"असू दे. पोरीलाही गोड लागू दे," ती म्हणाली. "पण बाई, अंगावर एखादी खूण तरी ठेव ना गं लेकीच्या... आमच्यासारखीनं ओळखायचं कसं?"

आणि तबक सावरत ती कारंज्याकडे गेली. तिच्या तबकात त्या एकाच वडीची जागा रिकामी झाली होती, पण नेलिदाला ती रिकामी जागा घरी येईपर्यंत दिसत राहिली.

घरात पाऊल टाकताच ती म्हणाली, "ताई, टोचायचे. कान टोचायचे मेलिंदाचे. मी ठरवलं."

एतेल्विनाच्या अंतःकरणात काय झालं ते सांगता येणार नाही! तिच्या पायांना पंख फुटले. ती स्वयंपाकघरात धावली, पातेल्यात पाणी चढवलं, फडताळातली आईची सुई काढली, पांढऱ्या दोऱ्याला मेण लावलं, आणि मग खोलीतून एवढीशी डबी घेऊन बाहेर आली.

"बुधवारी शहरात, पिउराला नेते," नेलिदा बाळाला पाळण्यात ठेवत म्हणत होती. "तिथं क्लिनिकमध्ये मशीननं टोचतात, आधी पेनानं ठिपके मारून. वाकडं व्हायचा प्रश्न नाही. यांची आत्या तिथंच राहते, तिला कानआई करीन. ती खूश होईल."

स्वयंपाकघरात पाणी उकळायला लागल्याचा आवाज येत होता.

"चांगलं आहे," एतेल्विना म्हणाली. "क्लिनिकमध्ये... चांगलं आहे. स्वच्छ असतं. आत्याबाईंना म्हणावं, एवढे घाला तिच्या कानात." आणि तिनं ती डबी पुढं केली.

डबीत मुगाच्या दाण्याएवढी दोन फुलं होती. सोन्याच्या तारेची, प्रत्येकाला पाच पाकळ्या.

नेलिदा त्या फुलांकडे बघत राहिली, आणि मग तिची नजर वर गेली, बहिणीच्या कानांतल्या काड्यांवर. "ताई... तुझे डूल कुठं आहेत? आईनं तुला दिलेले?"

"मला आता काय करायचेत गं? वजन सोसवत नाही."

"ते आटवून केलेत हे." खिडकीशी कामाच्या पाटावर बसलेल्या सेगिस्मुंदोनं मान वर केली. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता, अलीकडे तो बोटांनीच बघायचा. "मी नको म्हणत होतो. ऐकते का ती कुणाचं!"

"बाबा, तुम्ही काम करा ना..."

"इतकी वर्षं कामच केलं! तू म्हणालीस गप्प बसा, गप्प बसलो. आज नाही बसवत." म्हातारा भिंत धरून उठला. "नेलिदा, तुझे डूल आण. मी केलेले. टाकले नसलेस तर."

"टाकीन कशाला? आहेत बॅगेत. पण घालता येत नाहीत ते. एक आकडा लांब, एक आखूड! लहानपणीच मला कळलं होतं, या घरात माझ्या वाट्याला सगळं वाकडंच यायचं."

"वाकडं? तो लांब आकडा डाव्या कानाचा आहे पोरी! भोक वर गेलं, म्हणून आकडा खाली आणला. घालून आरशात बघितलंस का कधी? दोन्ही फुलं एका रेषेत येतात. आणि ते माप मला कुणी दिलं ठाऊक आहे? तुझ्या आईनं! त्या खोलीत मरायला टेकली होती, आणि बोटांनी दाखवून म्हणाली, एक तांदूळ लांब कर, सेगिस्मुंदो... माझ्या हातानं झालंय, तुझ्या हातानं झाकलं जाऊ दे."

"माझ्या हातानं?" नेलिदा पुटपुटली.

"बाबा!" एतेल्विना कळवळून ओरडली.

पण शब्द सुटला तो सुटलाच. म्हाताऱ्यानं सगळं सांगितलं. ताप, हट्ट, हुडहुडी, अंगणातल्या बायका, आणि ताठ मानेनं उभी असलेली तेरा वर्षांची पोर. "तुला कुणी अपशकुनी म्हणू नये म्हणून हिनं आपलं तोंड पुढं केलं. अगं, हिनं जन्मात कुणाचा कान टोचलेला नाही! या घरातलं एकेक लिंबू मात्र टोचलंय, जोडीजोडीनं, आरपार. माझे डोळे गेले, बोटं नाही गेली. लिंबू हातात घेतलं की लागतात मला ती भोकं!"

एतेल्विना पदराआड लपावं तशी ओढणीत तोंड लपवून उभी होती. तिला वाटलं, आता नेलिदा धावत येईल, गळ्यात पडेल...

नेलिदा जागची हलली नाही.

"म्हणजे हा कान..." तिनं केसांत हात घातला. "हा आईनं... आणि तू मला सांगितलं नाहीस? ताई, मला आईचा चेहरा आठवत नाही. आवाज नाही, वास नाही. तुझ्याजवळ तेरा वर्षं आहेत तिची! माझ्याजवळ काय आहे? एवढं एक भोक होतं... आणि तेही तू तुझ्या नावावर करून घेतलंस! मी त्याचा द्वेष केला ताई, जन्मभर द्वेष केला... माझ्या आईच्या हाताचा द्वेष करायला लावलास तू मला!"

ती खोलीत गेली आणि दार लागलं.

एतेल्विनानं पातेल्याखालची आग विझवली. आपण बहिणीसाठी केवढं दिलं, हे तिनं एकांतात कितीदा तरी मोजलं होतं आणि त्यावरच ती जगली होती. पण देता देता आपण तिच्याकडून काय काढून घेतलं, हे आज पहिल्यांदाच तिला कोणीतरी सांगितलं होतं.

दुसरा दिवस गेलेल्या मोठ्या माणसांचा; सारं गाव दफनभूमीत होतं. संध्याकाळी मेणबत्त्या लागायच्या आधी थडगी धुवायची, क्रूस रंगवायचे असतात. एतेल्विना एकटीच आईच्या थडग्याशी बसून पांढरा रंग लावत होती. मागं पावलं वाजली. तिनं वळून बघायचं धाडस केलं नाही.

"तो रंग ओघळतोय खाली," नेलिदा म्हणाली, आणि बाळाला घेऊन तिच्या शेजारी मातीतच बसली.

एतेल्विनानं पाहिलं आणि तिच्या हातातला कुंचला खाली पडला. नेलिदानं सगळे केस वर घेऊन घट्ट बांधले होते. दोन्ही कान उघडे! त्यांत बापानं केलेले डूल होते, आणि दोन्ही फुलं अगदी एका रेषेत झुलत होती.

मग नेलिदानं लहान मुलीसारखं विचारलं, "ताई... तिचा हात कसा होता गं?"

"गरम," एतेल्विना म्हणाली. "तापानं गरम. पण तुझं डोकं धरलं होतं ना, ते फार हळू. आणि बोटांना लिंबाचा वास. टोचायच्या आधी ती बोटं लिंबानं घासायची."

"आणि मी रडले तेव्हा?"

"तुझ्या कानावर फुंकर घालत राहिली. फुंकर घालायलासुद्धा दम पुरत नव्हता तिला, तरी घालत राहिली... मला माफ कर गं. मला वाटलं मी तुला वाचवतेय."

"वाचवलंसही," नेलिदा म्हणाली, आणि मग मात्र तिला आवरलं नाही. एतेल्विनाच्या खांद्यावर डोकं टेकून ती ढसाढसा रडली, एतेल्विना रडली, आणि दोघींच्या मध्ये दाटून गेलेली मेलिंदा दोघींवर रागावून रडली! थोड्या वेळानं नेलिदानं नाक पुसलं.

"उद्या पहाटे टोच तिचे कान. ऊन व्हायच्या आत."

एतेल्विना दचकून मागं सरली. ज्या शब्दांची तिनं जन्मभर वाट पाहिली ते शब्द समोर आले, आणि ती घाबरली. "नको! नको गं राणी... लिंबू वेगळं, लेकरू वेगळं. मी कधीच टोचलेला नाही कान. तू क्लिनिकलाच ने. माझं काही नाही, खरंच काही नाही..."

"पुन्हा सुरू झालं तुझं!" नेलिदा एकदम खेकसली. "दिलेलं घ्यायला शीक ना जरा! मशीन मेलिंदाच्या कानावर फुंकर घालणार आहे का?"

पहाटे अंगणात चिंचेखाली खुर्ची मांडली. नेलिदानंच सुई उकळली, तिनंच पेनानं ठिपके दिले, दहादा पुसून दहादा दिले. एतेल्विनानं बोटं लिंबानं घासली. कासिल्दा कुंपणावरून मान लांब करून बघत होती आणि नवलच, एक अक्षर बोलत नव्हती. सुई हातात आली तेव्हा एतेल्विनाचं सर्वांग थरथरत होतं... आणि पाळीला टेकली तेव्हा थरथर आपोआप थांबली. उजवा झाला. डावा झाला. डावा होऊन डूल आत गेलं तेव्हा कुठं मेलिंदाला रडायचं आठवलं! एतेल्विना वाकली आणि त्या इवल्या कानावर फुंकर घालत राहिली.

"इकडं आणा," सेगिस्मुंदो म्हणाला. त्यानं नातीचं तोंड ओंजळीत घेतलं, दोन्ही अंगठे पाळ्यांखाली लावले, आणि बराच वेळ तसाच राहिला. "सारखे," तो अखेर म्हणाला. "हेर्मेलिंदाचा हात... तोच हात." मग खिशातून त्यानं बारीकसा आकडा काढला. "मी आपला एक लांब करून ठेवला होता. म्हटलं, असावा जवळ."

"बाबा!" दोघी एकदम ओरडल्या, आणि कितीतरी वर्षांनी त्या अंगणात हसू उमटलं.

मग निघायचा दिवस आला. लिमाची गाडी पिउराहून दुपारी सुटायची होती. रिक्षा दारात येऊन उभी राहिली. सामान चढलं, बाळ मांडीवर बसलं, आणि एतेल्विना रिक्षाचा दांडा धरून उभी राहिली. पुन्हा कधी येईल ही? मेलिंदाला दात येतील, ती चालेल, बोलेल, आणि आपण इथं लिंबं कापत असू...

नेलिदानं एकाएकी आपल्या कानांतले डूल काढले. "इकडं ये. वाक जरा." आणि बहिणीच्या कानांतल्या काड्या ओढून टाकून तिनं ते डूल तिच्या कानांत घातले.

"अगं वेडे, हे तुझे! तुझ्या कानाच्या मापाचे..."

"आईनं मला दिलेलं माझ्या कानाला आहे. ते मी आता कुठं झाकणार नाही. तुझ्याजवळचं तू आटवून बसलीस. मग हे ठेव. तिनं स्वतः माप दिलेलं आहे." नेलिदानं तिचे दोन्ही हात धरले. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज स्वच्छ होता, आणि आळीतल्या साऱ्या दारांना ऐकू जाईल इतका मोठा. "येते, कोमाद्रे! तब्येतीला जप, कोमाद्रे!"

रिक्षा धूळ उडवत वळणाआड गेली. धूळ खाली बसेपर्यंत एतेल्विना उभी होती. मग तिनं टोपली उचलली आणि ती बाजारात गेली; घरात जाववेना, म्हणून गेली. रताळ्यांच्या ढिगांमधून, टोप्या विणणाऱ्या बायकांमधून ती चालू लागली. तिच्या सरळ कानांत ते डूल अर्थातच सरळ बसत नव्हते. उजवं फूल वर राहिलं होतं, डावं तांदूळभर खाली लोंबत होतं, आणि प्रत्येक पावलाला मानेला लागत होतं.

"एतेल्विना!" चिचेचं मडकं घेऊन बसलेल्या कासिल्दानं साऱ्या बाजारादेखत हाक मारली. "अगं, तुझं डावं डूल खाली आलंय! वाकडं दिसतंय!"

एतेल्विना थांबली. तिनं हात वर नेला, ते फूल हळूच चाचपलं, आणि तसंच राहू दिलं.

"दिसू दे," ती म्हणाली. "माझ्या कोमाद्रेचं आहे."